वर कुणी दिला?

"ते सगळं कळलं रे मोरू. पण त्याला वर कुणी दिला, तेवढं सांग."

त्या सकाळी बुवांनी हे चौथ्यांदा विचारलं. मी हातातलं वर्तमानपत्र ओट्यावर आपटलं.

"वर-बिर काही नाही, बुवा! हा पुराणातला राक्षस नव्हे. जर्मनीतला माणूस आहे. दोन हात, दोन पाय आणि नाकाखाली मिशीचा ठिपका. माणसाला वर लागत नाही."

"असं कसं?" बुवा धोतराच्या सोग्यानं चिपळ्या पुसत होते. "हिरण्यकश्यपूला ब्रह्मदेवानं दिला. भस्मासुराला भोळ्या शंकरानं दिला. दिल्याशिवाय कुणी एवढं मोठं होतं का? तू शाळेत इतिहास शिकवतोस ना?"

"शिकवतो."

"मग मला तुझ्या मुलांची काळजी वाटते."

सन एकोणीसशे एकेचाळीसचा चैत्र. मी सव्वीस वर्षांचा होतो. देऊरवाडीच्या शाळेत मास्तर, आणि रामनवमीच्या उत्सवात नरहरीबुवा खटावकरांच्या कीर्तनाला पेटीच्या साथीला. शाळा पोटासाठी होती, जीव होता तो कीर्तनात. बुवांनी पगडी बांधून पहिला सूर लावला की माझं भान हरपायचं. अजून, या वयातही, कुठे झांजेचा आवाज आला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. पण कीर्तन आटोपून पगडी उतरली, आणि बुवा साध्या माणसासारखे बोलू लागले, की तासाभरात मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. इतका गोड गळा आणि इतका हट्टी स्वभाव रामरायानं एकाच देहात का कोंबला, हे मला कधीच कळलं नाही.

आणि हे जर्मनीचं दुखणं त्यांनी आपणहून ओढवून घेतलं होतं.

रॉकेल मिळेनासं झाल्यामुळे त्या साली कीर्तन दुपारी चारला असायचं. पंचमीच्या दिवशी पूर्वरंग झाला. अभंगाचं निरूपण संपलं, की कथा सुरू होण्याआधी बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. तेवढ्या वेळात कुणाला अमुक आख्यान लावा म्हणून सुचवायचं असेल तर सुचवता येतं. एरवी नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसाला मधेच तोडायचं नाही. त्याच्यापुढे ऐंशी वर्षांचा म्हातारासुद्धा वाकतो.

त्या दिवशी बायकांच्या बाजूनं हौसाआक्का निकम उठली.

हौसाआक्काचा एकुलता एक शिदू मराठा पलटणीत होता आणि पलटण आफ्रिकेत. त्याची पत्रं तिला मीच वाचून दाखवायचो. माघात शेवटचं पत्र आलं होतं. डोंगर काळे आहेत, पाणी मोजून मिळतं, समोर इटलीवाले आहेत, एवढंच. तेव्हापासून ती माझा पिच्छा पुरवत होती. इटली म्हणजे कोण? आपलं त्यांचं भांडण काय? मी तिला तीनदा समजावलं होतं. शाळेतून नकाशा आणून, त्यावर बोट ठेवून. नकाशा बघून झाल्यावर ती म्हणाली होती, "मास्तर, तुमी मला कागुद दावता. मला मानूस दावा."

आता ती हात जोडून बुवांना म्हणाली, "म्हाराज, दर साली तुमच्या तोंडनं परल्हाद ऐकते. डोळ्याला पानी येतं. पर आवंदा माझा शिदू ज्या राक्षसासंगट लढतुया, त्येचं आख्यान लावा. त्यो कसा झाला आन् कसा मेला, समदं."

देवस्थानचे पंच भाऊसाहेब खांबाला टेकून बसले होते, ते ताठ झाले. मी पेटीवरून मानेनं बुवांना खुणावलं, नको. पण बुवांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांचे डोळे भरले की त्यांच्या अकलेला सुट्टी असायची.

"लावतो, आक्का," ते म्हणाले. "अष्टमीला."

गादीवरून दिलेला शब्द. संपलं. तो मागे घेता येत नाही. आणि ज्यांनी शब्द दिला, त्यांना जर्मनी जपानच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

म्हणून आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी, बुवा आणि दोन वर्षांची वर्तमानपत्रं.

"बरं, पुन्हा पहिल्यापासून सांग," बुवा म्हणाले.

मी दात-ओठ खात सांगितलं. मागल्या मोठ्या लढाईत जर्मनी हरली. जिंकणाऱ्यांनी असा तह लादला की तिला मान वर करता येईना. पुढे कामधंदे बसले, लाखो माणसं रिकामी झाली. अशात एकजण चौकाचौकांत ओरडू लागला की तुमचं काहीच चुकलेलं नाही, सगळा दोष ज्यूंचा आणि त्यांना सामील असलेल्यांचा. मला सत्ता द्या, मी बघून घेतो.

"आणि दिली?"

"पुष्कळांनी मतं दिली. सगळ्यांनी नव्हे. मग जुन्या मुत्सद्द्यांनी त्याला प्रधान केला. त्यांना वाटलं, हा उपरा आहे, आपल्या मुठीत राहील."

बुवांच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. "मुठीत?"

"हो. आणि दोन महिन्यांत त्यांच्या पार्लमेंटनंच ठराव करून टाकला की इथून पुढे कायदे हाच करील, आम्हाला विचारायचं कारण नाही."

"ठराव कुणी केला म्हणालास?"

"पार्लमेंटनं."

"म्हणजे घरातल्यांनीच दाराची कडी उपसून त्याच्या हातात दिली." बुवा माझ्याकडे वळले. "'नाही' कुणीच म्हणालं नाही?"

"म्हणाले. शंभरसुद्धा नव्हते."

"पण म्हणाले?"

"म्हणाले, बुवा. त्यानं काय फरक पडला? कुणी तुरुंगात गेले, कुणी देश सोडून पळाले."

बुवांनी डोळे मिटून हात जोडले, एखाद्या संताचं नाव निघावं तसे. मग म्हणाले, "लिहून ठेव. शंभरसुद्धा नव्हते, पण होते."

हे असं चाललं होतं! मी हुकूमशहांच्या फौजा सांगायला जावं, विमानं सांगायला जावं, आणि यांनी प्रत्येक ठिकाणी अडून बसावं. इटलीचं सांगितलं, की काळे सदरे घातलेला जमाव राजधानीकडे निघाला, राजाकडे सैन्य होतं, पण त्यानं सैन्य बाहेर काढण्याच्या हुकमावर सहीच केली नाही, उलट त्या जमावाच्या पुढाऱ्याला बोलावून प्रधान केलं. बुवा म्हणाले, "लिही, राजानं दिला." जपानचं सांगितलं, की सेनापतींनी मंत्र्यांना न विचारता चीनचा एक सुभा गिळला आणि मंत्र्यांनी मागाहून मान डोलावली. "लिही, मंत्र्यांनी दिला."

"आणि हबसाण?" मी चिडून म्हणालो. "त्याचं काय लिहू? इटलीनं आफ्रिकेतल्या हबसाणावर, त्या ॲबिसिनियावर, विषारी धूर सोडला. तिथला राजा जीव वाचवून निघाला, सगळ्या राष्ट्रांची सभा भरली होती तिथे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आज माझी पाळी आहे, उद्या तुमची येईल. त्याला मात्र कुणी काही दिलं नाही."

"सभेत कोण कोण होतं?"

"सगळे मोठमोठे. इंग्लंड, फ्रान्स..."

"आणि काय म्हणाले?"

"काय म्हणणार? खाली बघितलं."

बुवा उठले. ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या. "अरे, ही तर द्रौपदी," ते म्हणाले. "ही भर सभेतली द्रौपदी. भीष्म खाली बघतोय, द्रोण खाली बघतोय. मोरू, शिदू कुठे आहे म्हणालास?"

"त्याच भागात. हबसाणाला लागूनच."

"म्हणजे जे मोठे त्या दिवशी सभेत उठले नाहीत, त्यांनी आता शिदूला उठवून तिथे पाठवलंय."

ते खरं होतं. म्हणून मी जास्तच चिडलो.

तेवढ्यात भाऊसाहेब छत्री टेकत आले. त्यांना धास्ती फौजदाराची होती. "बुवा, राजकारण देवळात नको," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "आणि खरं सांगू का, त्या जर्मनाला अगदीच राक्षस म्हणू नका. शिस्त आणली हो त्यानं. हूं की चूं नाही. आपल्याकडे एक असा पाहिजे. आणि निशाणावर स्वस्तिक आहे त्याच्या! म्हणजे कुठेतरी आपलाच."

"स्वस्तिक आमच्या तिजोरीवरही आहे, भाऊसाहेब," मी म्हणालो. "म्हणून तिजोरी देव होत नाही."

बुवा मात्र भाऊसाहेबांकडे कौतुकानं बघत होते, हरवलेली वस्तू सापडल्यासारखे. "शिस्त आणली," ते पुटपुटले. "आपल्याकडे एक असा पाहिजे. लिही मोरू, शब्द न् शब्द लिही."

खरी अडचण सप्तमीला ध्यानात आली. मी म्हणालो, "बुवा, उगम पुरे झाला. आता वधाकडे या. लोक वध ऐकायला बसतात."

"वध कुठे झालाय अजून?"

खरंच की. त्याच आठवड्यात निम्मं युरोप त्याच्या टाचेखाली होतं आणि आणखी दोन देशांच्या सीमेवर त्याच्या फौजा जमत होत्या. आम्ही ज्या आख्यानाचा शब्द दिला होता, त्याला शेवटच नव्हता. आणि कीर्तनाचा नेम असा, की राक्षस जिवंत ठेवून आरती करत नाहीत. खांबातून नरसिंह निघाला पाहिजे, पोट फाटलं पाहिजे, मगच निरांजन.

त्याच संध्याकाळी हौसाआक्का चिंचेनं घासून लखलखीत केलेलं पितळी ताट घेऊन आली. ताटात घरचं तूप आणि हातानं वळलेल्या वाती. "राक्षस मेला की आरती मी धरनार," ती बुवांना म्हणाली. "शिदूचं नाव घिऊन. गादीवरचं बोलनं खोटं हुत न्हाई. तुमी तिथनं मारला, की तिकडं बी मेला."

ती गेली. ताटही उद्यासाठी परत घेऊन.

"मारा," मी म्हणालो.

"मोरू..."

"मारून टाका, बुवा! कोण विचारतंय? भविष्यकाळी मारा. 'मरेल' म्हणा, 'मरणार' म्हणा. त्या माऊलीला एक रात्र झोप लागेल. दोन महिने पत्र नाही तिला. तुमचं काय जातं?"

"गादी नारदाची आहे," ते म्हणाले. "माझी असती तर मारला असता."

मी घरी गेलो आणि रागारागानं वधाचं पद लिहिलं. दिंडीच्या चालीवर, आठ ओळींचं. त्यात आभाळ फाटलं, राक्षस कोसळला, मराठा पलटण गुलाल उधळत घरी आली. सकाळी नेऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, तिसऱ्या ओळीवर मान हलवली, म्हणाले, "ही ओळ चांगली जमलीय," आणि कागद दुमडून पगडीत खोवला. मला वाटलं, सुटलो.

अष्टमीला देऊळ असं भरलं होतं की लोक पारावरही बसले होते. शिपाई गेलेली सत्तावीस घरं होती आमच्या गावात. त्या सगळ्या घरच्या बायका पुढे, आणि सगळ्यांत पुढे हौसाआक्का, मांडीवर ताट.

काय सांगू, तसं कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही. तीन दिवस मला छळून घेतलेली एकेक गोष्ट त्यांनी अशी मांडली की जर्मनी गावकुसाबाहेर येऊन उभी राहिली. मुत्सद्द्यांचं सोंग करून त्यांनी मूठ आवळली, "आपल्या मुठीत राहील हो!" आणि मग ती मूठच हळूहळू त्यांच्या गळ्याकडे वर आली. माणसं हसता हसता गप्प झाली. दर प्रसंगाला बुवा गिरकी घेऊन विचारायचे, "वर कुणी दिला?" पहिल्यांदा सगळे चूप बसले. तिसऱ्यांदा पाराकडून आवाज आला, "राजानं दिला!" मग सगळी सभाच उत्तरं देऊ लागली. "आणि जे म्हणाले, शिस्त आणली हो त्यानं, आपल्याकडे एक असा पाहिजे, त्यांनी?" "त्येंनी बी दिला!" लोक ओरडले. भाऊसाहेब खांबाआड सरकले.

हबसाणाचा राजा सभेत उभा राहिला तेव्हा बुवांनी आवाज इतका खाली आणला की मी पेटीचा भाता थांबवला. "कुणी उठलं नाही," ते म्हणाले. "मग जर्मनी, इटली, जपान, तिघांनीही ओळखलं, ही सभा उठणार नाही. मग ऑस्ट्रिया गेला. मग चेकांचा मुलुख. कृष्ण शिष्टाईला गेला होता तो पांडवांसाठी पाच गावं मागायला. हे इंग्लंड-फ्रान्सवाले शिष्टाईला गेले ते तिसऱ्याचीच गावं देऊन आले, आणि घरी येऊन म्हणाले, शांतता आणली. वर्षभरात पोलंड, आणि पेटलं. त्या वणव्यात आपल्यालाही घातलं. आपल्याला हो की नाही, हे विचारलंसुद्धा नाही." फौजदाराचा शिपाई दाराशी होता. त्यानंही मान डोलावली.

आता वध. मी दिंडीचा सूर धरला. हौसाआक्कानं वाती पेटवल्या.

बुवांनी सूर घेतला नाही.

मी पुन्हा वाजवला. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून तिसऱ्यांदा, जोरात. बुवांनी पगडीतला कागद काढला, उलगडला, सगळ्यांना दाखवला.

"मोरूमास्तरांनी राक्षस मारलाय," ते म्हणाले. "कागदावर. चांगला मारलाय. पण आक्का, मी गादीवर उभा आहे. तो मेलेला नाही. तिघांतला एकही मेलेला नाही."

माझी बोटं पेटीवर तशीच राहिली. एक ओळ, हो! एक ओळ म्हणायची होती!

हौसाआक्का उभी राहिली. ताटातल्या ज्योती हलत होत्या. "मग मारा की वो," ती म्हणाली.

"मला मारता येत नाही. वर ज्यांनी दिला, त्यांनाच तो परत घ्यावा लागतो. ते आता घेतायत, आपली माणसं पुढे घालून."

"माझ्या शिदूनं कुटं दिला हुता वर?" तिचा आवाज चढला नव्हता. उलट ती समजून घ्यायला विचारत होती, मला नकाशावर विचारायची तशी. "त्येनं जर्मनी बघितली न्हाई. त्येला मत न्हाई, सभा न्हाई. मोठी मानसं खाली बघत हुती तवा त्यो म्हशी राखत हुता. मग त्यो का भोगतुया?"

गादीवरच्या माणसाला मधे तोडू नये. पण तिला कुणी गप्प केलं नाही. सगळे बुवांकडे बघत होते. मीही. बुवांनी आयुष्यभर शंकेखोरांना दृष्टान्त देऊन गार केलं होतं.

या वेळी ते गादीवरून खाली उतरले, गळ्यात हार, कपाळाला बुक्का तसाच, आणि सगळ्या गावादेखत हौसाआक्काच्या पायांवर वाकले.

"हे आख्यान राहिलं," ते उठून म्हणाले. "आरती होणार नाही."

हौसाआक्कानं पदरानं वारा घालून ज्योती मालवल्या, ताट उचललं आणि चालू लागली.

भाऊसाहेबांनी थयथयाट केला. अर्धवट कीर्तन म्हणजे गावाला अपशकुन. दुसऱ्या दिवशी रामजन्माला शेजारच्या गावचे हरिदास आणले. आणि मी? मी बुवांना त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन वाटेल ते बोललो. तुम्हाला त्या बाईपेक्षा तुमचं सोवळं मोठं आहे म्हणालो. सव्वीस वर्षांच्या पोरानं साठीच्या माणसाला बोलू नये ते सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेटीचा भाता फाटलाय बघ एका बाजूला. शिवून घे."

एकादशीला तार आली. पोस्टातला माणूस ती माझ्याकडेच घेऊन आला, कारण हौसाआक्काचं सगळं वाचणारा मी.

तिच्या अंगणात बसून मी वाचली. इंग्रजी चार ओळी, त्यांचं मराठी करायला किती वेळ लागावा? मला लागला. ती रडली नाही. मग म्हणाली, "कवा?"

"सतरा मार्चला."

"तीत सांगा."

मी मनात हिशेब केला. "फाल्गुनातली, आक्का. वद्यातली."

"म्हंजी पाडव्याच्या आदी."

"हो."

"मी ताट घासत हुते, तवा त्यो न्हवताच."

"नव्हता."

तिनं मान हलवली. म्हणाली, "मास्तर, तुमच्या बुवांनी परवा राक्षस मारला असता, तर मी त्याच्या नावानं आरती धरली असती. हसत. आन् मग आज ही तार." तिनं पदर तोंडाला लावला. "मला देवानं फशिवलं असतं वो. त्येवढं त्यांनी हुऊ दिलं न्हाई."

मी तिथून उठलो तो थेट बुवांच्या बिऱ्हाडी गेलो. ते बिऱ्हाड उचलून खटावला गेल्याला दोन दिवस झाले होते.

त्यानंतर चार वर्षं बुवांनी कुठेही उत्तररंग केला नाही. पूर्वरंग करायचे आणि थांबायचे. "एक आख्यान राहिलंय, ते झाल्याशिवाय दुसरं नाही." कथा नसलेलं कीर्तन कोण ठेवणार? आमंत्रणं आटली. पंचेचाळीसच्या वैशाखात बर्लिनची बातमी आली तेव्हा मी सायकल मारत खटावला गेलो. "बुवा! इटलीचा मारला, जर्मनीच्यानं स्वतःलाच मारून घेतलं. चला!"

"आणि जपान?"

"लढतंय अजून."

"आख्यान तिघांचं लावलं होतं," बुवा म्हणाले आणि मला ताक दिलं. मी पंधरा कोस सायकल मारून ताक पिऊन परत आलो. काय म्हणावं या माणसाला?

श्रावणात पुन्हा गेलो. जपान शरण आलं होतं. बुवा अंथरुणाला खिळले होते. "कसं शरण आलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. दोन बाँब, दोन शहरं.

"राक्षस त्या शहरांत होता?"

"नाही. माणसं होती."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता येत नाहीत. पण आले. बैलगाडीतून, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला. मी भाता शिवून घेतला होता. हौसाआक्का तेच ताट घेऊन बसली होती. तिचे केस सगळे पिकले होते. भाऊसाहेब खांबापाशी होते. त्यांचा एक पुतण्या ब्रह्मदेशातून परत आला नव्हता. शिस्तीचं ते आता बोलत नसत.

बुवांना उभं राहायला दोघांनी धरलं. त्यांनी पगडीतून एक कागद काढला. माझाच. घामानं पिवळा पडलेला.

"हे पद मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "यात राक्षस मरतो आणि सगळी पलटण घरी येते. तसं झालेलं नाही. तिघंही गेले, एवढंच खरं आहे. आक्का, तुम्ही एक विचारलं होतं. वर शिदूनं दिला नव्हता, मग त्यानं का भोगलं? मी चार वर्षं शोधलं. मला सापडलं नाही. गादीवरून सांगतो, सापडलं नाही."

एवढंच. मग त्यांनी मला खूण केली, मी आरतीचा सूर धरला.

हौसाआक्कानं रामरायाला ओवाळलं. शिदूचं नाव मोठ्यानं घेतलं. मग नेहमीप्रमाणे ताट सभेत फिरवायला ती निघाली. लोक ज्योतीवर हात धरत, डोळ्यांना लावत होते. ती एरवीसारखी पुढे सरकत नव्हती, एकेकापाशी थांबून तोंड बघत होती. भाऊसाहेबांपाशी थांबली. त्यांनी खाली बघितलं. ती थांबूनच राहिली, त्यांनी वर बघेपर्यंत.

मग पेटीपाशी आली. मी हात पुढे केले.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी पेपर वाचता. फुडल्या टायमाला कुनी वर मागाया आला, तर मला कळवा. म्या येते सभंला."

"येऊन काय करणार, आक्का?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"न्हाई म्हननार," ती म्हणाली, आणि ताट पुढच्या माणसासमोर धरलं.